एका मोटारीचे तीन रंग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीवर आम्ही काही लिहू अशी त्यांची अपेक्षा असावी. बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाने इतिहासावर लिहावयाचे म्हणजे १६३८ पासून प्रारंभ करावयाचा, असा एक संकेतच पडून गेला आहे. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिलेले आहे. आमची पदवी इतिहासाची असली तरी ती साधी बी.ए. ची, आणि नोकरीची तीस वर्षे केंद्र सरकारच्या एका करखात्यात गेलेली. तेव्हा ज्या इतिहासाला आमचा स्वतःचा हात लागला, त्याविषयीच लिहिणे बरे. हा इतिहास एका जुन्या इंग्लिश मोटारीच्या पत्र्याचा आणि त्यावरील रंगाचा आहे. स्मरणिकेत मोटारीचे काय काम, असे वाचकांस वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

बोम्मसंद्रा हे नाव आपल्यापैकी अनेकांना आता मेट्रोच्या शेवटच्या स्थानकामुळे परिचित झाले आहे. त्यापूर्वी होसूर रस्त्यावरची एक औद्योगिक वसाहत आणि एक मोठे हृदयरुग्णालय एवढीच त्याची ओळख होती. यंत्रांचे सुटे भाग, औषधे, रंगविलेल्या लोखंडी पेट्या, अशा नाना वस्तू तेथील शेडांतून बाहेर पडतात. तेथेच आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांचा पत्र्याच्या पेट्या करण्याचा लहानसा कारखाना आहे. ते मूळचे बेळगावचे. वयाची सत्तरी जवळ आली आहे, तरी रोज सकाळी आठाला शेडमध्ये हजर. मंडळाच्या गणेशोत्सवात मखराचा सांगाडा त्यांच्याच कारखान्यातून येतो, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हांस मुद्दाम बोलावून घेतले. बेळगावचा वडिलोपार्जित वाडा विकला गेला होता, आणि वाड्याच्या मागील पडवीत जवळजवळ पन्नास वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली वडिलांची मोटार ट्रकवर घालून त्यांनी बोम्मसंद्र्याला आणली होती. ताडपत्री दूर केली, तेव्हा प्रथम दिसली ती धूळ, मग उंदरांनी कुरतडलेली बैठक, आणि मग दोन उंच तारांची चाके, लांबट बॉनेट, पंखासारखे पसरलेले मडगार्ड. रंग लाल, पण असा लाल, की जुन्या ग्रामपंचायतीच्या दरवाजाची आठवण व्हावी. रेडिएटरवर अष्टकोनी बिल्ला होता व त्यावर दोन अक्षरे होती : एम.जी.

बंगळुरात ही दोन अक्षरे उच्चारली की ज्याला त्याला महात्मा गांधी रस्ता आठवतो. आमच्या नातवंडांनी तर ही गांधीजींची गाडी काय, असेही विचारले. या एम.जी. चा अर्थ मात्र मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांचा मोटारविक्री व दुरुस्तीचा व्यवसाय होता. १९२२ साली सेसिल किंबर नावाचे गृहस्थ तेथे व्यवस्थापक झाले आणि मॉरिसच्या साध्या, संसारी मोटारींवर देखणे व हलके सांगाडे चढवून विकण्याची कल्पना त्यांनी काढली. ती लोकांना आवडली. १९२९ मध्ये ॲबिंग्डन या गावी स्वतंत्र कारखाना निघाला, आणि मध्यमवर्गीय तरुणाला परवडेल अशी दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार म्हणजे एम.जी., असे समीकरण झाले. किंबर स्वतः १९४१ साली कंपनीतून बाहेर पडले व १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळील रेल्वे अपघातात मृत्यू पावले. युद्धानंतर त्यांच्या मोटारींना जो जगभर लौकिक मिळाला, तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

स्नेह्यांची मोटार त्या युद्धोत्तर काळातील, टी.सी. नावाच्या नमुन्याची. १९४५ ते १९४९ या अवधीत अशा सुमारे दहा हजार मोटारी झाल्या. इंजिन अवघे १२५० सी.सी. चे, वेग ताशी सुमारे पंच्याहत्तर मैल. रचनेत नवे असे काही नाही. युद्धापूर्वीचाच नमुना थोडा रुंद करून पुढे चालविलेला. ब्रिटन त्या वेळी कर्जबाजारी झालेला होता व कारखान्यांना पोलादाचा कोटा मिळावयाचा तो निर्यातीच्या प्रमाणात. त्यामुळे या मोटारी अमेरिकेत गेल्या, ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि काही आपल्याकडे आल्या. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तरी तिकडे गेलेल्या मोटारींचेही चक्र उजवीकडेच ठेवून त्या पाठविल्या गेल्या. बदल करण्यास सवड कोणाला होती!

आपल्याकडे आल्या त्या थोड्याच, आणि पुढे तर ती वाटच बंद झाली. १९४९ साली सरकारने तयार मोटारींच्या आयातीस बंदी केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने अशी शिफारस केली की, ज्यांना येथे मोटारीचे भाग बनवावयाचे असतील त्यांनीच राहावे. नुसते खोके उघडून सुटे भाग जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. मुंबईस शिवडीला १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना त्यानंतर, १९५४ साली, बंद झाला. आमच्या खात्यातील जुनी माणसे या धोरणाचे गोडवे गात. मोटारीचे शौकीन अजून त्याला बोल लावतात. आमचे मत विचाराल तर, धोरणामागे एक जुने शल्य होते. सर विश्वेश्वरय्या आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले व मुंबई इलाख्यात नोकरी करून मग म्हैसूरचे दिवाण झाले. १९३० च्या दशकात त्यांनी स्वदेशी मोटार कारखान्याची योजना आखली व तिच्यासाठी परदेशांतील कारखाने पाहून आले. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद भांडवल घेऊन उभे राहिले. परंतु त्या वेळच्या सरकारने साथ दिली नाही. वालचंद शेठजींनी १९४० च्या डिसेंबरात बंगळुरात काढला तो विमानांचा कारखाना. मोटारींचा, म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स, १९४४ साली निघाला आणि मुंबईस कुर्ल्याला गेला. बंगळूरच्या हातून मोटार गेली, पण पत्रा राहिला, असे आम्ही म्हणतो. ते कसे, ते पुढे येईलच.

मोटारीबरोबर तिचे नोंदणीपुस्तकही एका पत्र्याच्या डब्यात सापडले. आम्हांस खरा मोह पडला तो त्या पुस्तकाचा. सरकारी कागद कसा वाचावा एवढेच काय ते आम्हांस आयुष्यात शिकावयास मिळाले. पहिली नोंद १९४८ ची, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावे. १९५२ मध्ये मालकी बदलून ती आमच्या स्नेह्यांच्या वडिलांच्या नावे झाली. ते बेळगावात डॉक्टर होते व इंग्रज साहेब मायदेशी जाताना त्यांच्याकडून त्यांनी मोटार घेतली होती. आरंभीचे शिक्के मुंबई राज्याचे. १९५६ नंतरचे म्हैसूर राज्याचे. आणि अगदी शेवटचा एक, १९७३ चा, कर्नाटक राज्याचा. मोटार एकाच वाड्याच्या एकाच पडवीत उभी आणि राज्ये तिच्याभोवती बदलत गेलेली. बेळगावकडच्या वाचकांना याहून अधिक सांगावयास नको.

पुस्तकात रंगाचाही रकाना होता. ‘काळा’ हा शब्द खोडून त्यापुढे ‘हिरवा’ असे लिहिलेले, १९५४ सालचा शिक्का मारून. लाल रंगाची नोंद कोठेही नव्हती. मोटार तर समोर लाल उभी. आम्ही सहज म्हणालो, “हा लाल रंग बिनपरवान्याचा दिसतो. कोणी दिला?” स्नेही म्हणाले, “असेल कोणीतरी दिलेला,” आणि चहा सांगावयास आत गेले. त्या वेळी आम्हांस त्यात काही विशेष वाटले नाही.

काम सुरू झाले ते सुताराकडून, लोहाराकडून नव्हे. याचे अनेकांना नवल वाटते. त्या काळच्या या मोटारींचे अंग म्हणजे लाकडी सांगाडा व त्यावर ठोकून बसविलेला पातळ पत्रा. हे सांगाडे कॉव्हेंट्रीला मॉरिस कंपनीच्या शाखेत तयार होत आणि तेथून ॲबिंग्डनला जाऊन चासीवर बसत. लाकूड ॲश नावाच्या झाडाचे. क्रिकेटचे स्टंप करतात ते हेच. हलके, चिवट, धक्का सोसणारे. घोड्याच्या बग्ग्या बनविणाऱ्या सुतारांची ही विद्या मोटारीत उतरली, ती एम.जी. मध्ये १९५५ पर्यंत टिकली. इंग्लंडातील मॉर्गन कंपनी तर आजही ॲशचा सांगाडा वापरते. पण बेळगावच्या चाळीस-पन्नास पावसाळ्यांनी आणि वाळवीने आमच्या मोटारीच्या सांगाड्याचा भुसा करून टाकलेला. दाराचा खांब बोटाने दाबला तर बोट आत जाई. पत्रा उभा होता तो केवळ सवयीने.

इंग्लंडहून ॲशचे तयार सांगाडे मागविता येतात. त्यावरील जकात व वाहतूक यांचा हिशेब आम्हीच करून दिला, आणि तो ऐकून स्नेही बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी शेडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या चार तुळया दाखविल्या. वाडा पाडताना काढलेला दांडेलीचा सागवान. शंभराहून अधिक वर्षे मुरलेला. सागवानाला वाळवी शिवत नाही. मात्र तो तेलकट, त्यामुळे सरस नीट धरत नाही. सुताराने प्रत्येक सांधा थिनरच्या फडक्याने पुसून मगच चिकटविला व वर पितळी स्क्रू घातले. जेथे जुने ॲश धड होते तेथे ते तसेच ठेवले. डाव्या दाराच्या वरची पट्टी इंग्लंडची आणि खालचा खांब दांडेलीचा, असा तो सांगाडा उभा राहिला. वाड्याची तुळई मोटारीत गेली, याचे स्नेह्यांना फार समाधान वाटले. शुद्धतावादी मंडळींनी नाके मुरडली. आम्हांस मात्र वाड्याच्या लाकडाचा याहून चांगला उपयोग सुचत नाही. एरवी ते एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेसाठी लागले असते.

नंतर पत्रा. येथे आमचे मिस्त्री आले. शिवाजीनगरचे राहणारे, दखनी बोलणारे, वय साठीच्या पुढचे. बंगळुरात यांना टिंकर म्हणतात; आपल्याकडे डेंटर. त्यांचे वडील विमान कारखान्यात पत्राकाम करीत. विमानांच्या त्या कारखान्यात पुढे रेल्वेचे डबेही झाले, आणि तेथे शिकलेले कसबी हात निवृत्तीनंतर व त्यांच्या मुलांमार्फत शहरभर पसरले. बंगळूरच्या हातून मोटार गेली पण पत्रा राहिला, असे वर म्हटले ते यासाठी. मिस्त्री पत्र्यावर तळवा फिरवीत आणि डोळे मिटून पोचा कोठे आहे ते सांगत. एका हातात आतून लोखंडी डॉली धरावयाची, दुसऱ्या हाताने बाहेरून हलकी हातोडी मारावयाची. पत्रा ताणला गेला असेल तर तेवढी जागा ज्योतीने लाल करून ओल्या फडक्याने एकदम थंड करावयाची. आक्रसून तो जागेवर येतो. कोणी सुचविले होते की वाळूचा फवारा मारून सगळा गंज झटक्यात काढावा. मिस्त्री हसले. “साब, इत्ता पतला पत्रा, पापड हो जाता,” असे म्हणाले. ते खरेच आहे. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा तो पत्रा जोराच्या वाळूने लहरतो व पुन्हा सपाट होत नाही. म्हणून औषध लावून, खरवडून, हाताने घासून काम केले. गंजून गेलेले तुकडे कापून नवे जोडले.

जोडावर हल्ली लांबी भरतात. जुनी रीत वेगळी होती, शिसे-कथलाची झाळ भरण्याची. पत्रा साफ करावयाचा, तापवावयाचा, त्यावर कथलाचा पातळ हात फिरवावयाचा आणि मग मऊ झालेली झाळ लाकडी पट्टीने सारखी करावयाची. हे पाहताना आम्हांस आमच्या लहानपणीचा कल्हईवाला आठवला. तोच भाता, तसाच धूर, पातेल्याच्या तळाशी कापसाचा बोळा फिरताच पसरणारी तीच चांदी. मिस्त्रींनी दोन्ही कामे केली होती. धंदा मंदावला तेव्हा चार वर्षे आपण कल्हईच लावीत होतो, असे त्यांनी सांगितले. मात्र शिसे विषारी, जुन्या रंगातही बहुधा शिसे असते. म्हणून घासकाम पाण्याने करावयाचे व तोंडाला मास्क बांधावयाचा, याचा स्नेह्यांनी कटाक्ष ठेवला.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे रंगाकडे येऊ.

रंग काढण्यापूर्वी मिस्त्रींनी आमच्या आग्रहावरून एक प्रयोग केला. मडगार्डच्या एका जागी बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासत वाटीसारखा उतार केला. झाडाच्या बुंध्यावर वलये दिसावीत तशी रंगांची वलये उमटली. सर्वांत वर लाल. त्याखाली हिरवा. त्याखाली काळा, मग करडा अस्तराचा हात आणि मग उघडा पत्रा. नोंदणीपुस्तकाचे शब्द पत्र्याने जसेच्या तसे उच्चारले. काळा मूळचा, टी.सी. च्या सुरुवातीच्या मोटारी काळ्याच निघत, इतर रंग नंतर आले. काळा आणि हिरवा हे दोन्ही थर पातळ, एकसारखे, फवाऱ्याने दिलेले. लाल थर मात्र जाड, ओघळलेला, ब्रशाच्या रेघा स्पष्ट. आणि डॅशबोर्डच्या खाली तर ब्रशाचा एक केस रंगात अडकून तसाच वाळलेला. हार्डवेअरच्या दुकानातील दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट होता तो.

आम्ही म्हणालो, “हे काम कोणा रंगाऱ्याचे नव्हे.” स्नेही काही बोलले नाहीत.

उलगडा केला तो त्यांच्या थोरल्या बहिणीने. अक्का बेळगावात राहतात. वलयांचे छायाचित्र पाहून त्यांनी रात्री फोन केला आणि स्नेह्यांनी तो आम्हांस ऐकू येईल असा लावला. मोटार प्रथम दारी आली तेव्हा काळी होती. आजीने स्वच्छ सांगितले की, काळे वाहन दाराशी उभे करावयाचे नाही, आणि सून त्यात बसणार नाही. डॉक्टरांनी दोन वर्षे आईची समजूत घातली. मग हार मानून मोटार हिरवी करून आणली. “आईच्या चुड्याचा रंग,” अक्का म्हणाल्या, “बाबांनी बांगडी नमुन्याला नेली होती.” त्यानंतर वीस वर्षे आई डाव्या बाजूला बसून दर शुक्रवारी देवीला जात असे. १९७३ च्या पावसाळ्यात आई गेली. पुढल्या वर्षी, डॉक्टर चार दिवस पुण्यास गेले असता, धाकट्या मुलाने कॉलेजच्या मित्रांना जमवून मोटार लाल रंगविली. सिनेमात लाल मोटार पाहिली होती म्हणे. डॉक्टर परत आले, त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, आणि आत गेले. रागावले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर त्यांनी मोटार बाहेर काढली नाही.

“मी अठरा वर्षांचा होतो अक्का,” स्नेही म्हणाले. पलीकडून अक्का म्हणाल्या, “मी कुठं काय म्हणते?”

ही गोष्ट कळल्यानंतर कोणता रंग द्यावा, हा प्रश्न सोपा व्हावयास हवा होता. तो अधिकच बिकट झाला. कारण स्नेह्यांनीच काळ्या रंगाचा हट्ट धरला. त्यांचे म्हणणे, मूळ ते मूळ. जुन्या मोटारींचे जाणकारही त्यांच्या बाजूस होते. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन असेल, तर त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. असे वाहन रोजच्या कामास वापरता येत नाही, प्रदर्शनास वा फेरीस नेता येते. मूळ स्वरूप म्हटले की काळाच, असे स्नेह्यांचे अनुमान.

खरे सांगावयाचे तर आमचेही प्रथम तेच मत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्सल साधन म्हटले की सर्वांत जुने साधन आठवते. परंतु घरी येऊन विचार केला तेव्हा वाटले, राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून जी दप्तरे उकरून काढली, त्यांत मूळ सनद असे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे शेरे, शिक्के, दुरुस्त्याही असत. त्या शेऱ्यांवरूनच घराण्याचा इतिहास कळतो. सनद कोऱ्या स्थितीत आणावयाची म्हणून शेरे खरवडून काढणाऱ्याला आपण संशोधक म्हणणार नाही. काळा रंग ॲबिंग्डनच्या कारखान्याचा होता, इंग्रज साहेबाचा होता. या घराची मोटार हिरवी होती; आणि सरकारी पुस्तकातील शेवटची नोंदही हिरव्याचीच. हा मुद्दा आम्ही कागदावर मांडून स्नेह्यांना दिला, अगदी कार्यालयीन टिप्पणीसारखा, परिच्छेदांना क्रमांक घालून. ते वाचून म्हणाले, “टिप्पणी चांगली आहे. पण मला हिरव्याकडे बघवेल का, ते सांगा.” त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. काळ्याचा हट्ट कशासाठी होता, ते मात्र तेव्हा ध्यानात आले.

तीन आठवड्यांनी त्यांनीच निरोप धाडला : हिरवा.

लाल रंग त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. तो काढणे भागही होते. जुना कारखानी रंग म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, आपल्याकडे ज्याला सरसकट ड्यूको म्हणतात तो. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ व जनरल मोटर्स यांनी तो बाजारात आणला, त्यापूर्वी मोटार रंगविणे म्हणजे ब्रशाने हातावर हात देत, वाळवीत, तीन-चार आठवड्यांचे काम असे. फोर्डसाहेबांनी बरीच वर्षे केवळ काळाच रंग ठेवला, त्याचे एक कारण तो लवकर वाळे हेच सांगतात. ड्यूकोने तासांत वाळणारा आणि हव्या त्या छटेचा रंग दिला. पण हा रंग ऑइलपेंटवर मारला की त्यातील थिनर खालचा थर उचलतो व सुरकुत्या पडतात. म्हणून लाल थराचा कण न् कण काढावा लागला. महिनाभर रोज संध्याकाळी कारखाना सुटल्यावर स्नेही पत्र्याशी बसत. मिस्त्रींनी मदतीस पोरगा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही.

हिरव्याची छटा मिळविणे हे आणखी एक प्रकरण. उन्हापावसातील हिरवा फिका पडलेला. मडगार्ड आणि अंग यांच्या सांध्यात एक वळीव पट्टी असते. ती काढली तेव्हा तिच्याखाली बोटभर रुंदीचा हिरवा सापडला, १९५४ मध्ये होता तसा, गडद आणि ताजा. जे. सी. रोडवरील एका दुकानात यंत्राने छटा मोजून दिली. मिस्त्रींनी ती पाहून मान हलविली व त्यात चिमूटभर काळा आणि किंचित पिवळा घातला. यंत्राहून त्यांचा डोळा सरस ठरला, हे आम्ही शपथेवर सांगू.

हल्लीचा दोन भाग मिसळून मारावयाचा पॉलियुरेथेन रंग टिकाऊ खरा, पण त्याची चकाकी काचेसारखी, जुन्या मोटारीला परकी. आणि त्यातील घटक फुप्फुसांना घातक. म्हणून नायट्रोसेल्युलोजच ठरला. पत्र्याला धरून राहणारे अस्तर, त्यावर सर्फेसर, त्यावर खडबडीतपणा कळावा म्हणून काळ्याचा पुसट फवारा. मग पाण्याने घासावयाचे. काळा जेथे उरला तेथे खड्डा, जेथे लगेच गेला तेथे उंचवटा. पुन्हा सर्फेसर, पुन्हा घासणे. शेजारच्या रंगशाळेतील बंद खोली भाड्याने घेऊन २०२४ च्या जुलैत रंगाचा पहिला हात मारला, ही आमची चूक. बाहेर भुरभुर पाऊस होता. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर धरते. पाहता पाहता डावे मडगार्ड पांढुरके झाले, आरशावर फुंकर मारावी तसे. मिस्त्रींनी आधी बजावले होते. घाई आमची होती. ते घासून, सावकाश उडणारे थिनर घालून पुन्हा केले, आणि मग डिसेंबरपर्यंत थांबलो. कोरड्या हवेत, भर दुपारी, दहा-बारा पातळ हात बसले. महिनाभर रंग मुरू दिल्यावर पॉलिश. ती चमक झगझगीत नव्हे. पाण्यात भिजवून काढलेल्या पानासारखी.

फक्त एक जागा रंगविली नाही. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या बाजूस, तळहाताएवढा चौकोन चिकटपट्टीने झाकून ठेवला होता. काळा, हिरवा आणि लाल, तिन्ही थर पायरीपायरीने उघडे करून तो तसाच राखला आहे. ही सूचना आमची. लालावरचा ब्रशाचा केसही जागच्या जागी आहे.

२०२५ च्या १० ऑगस्टला बेळगावहून बंगळूरला येणारी वंदे भारत गाडी आणि बोम्मसंद्र्याची मेट्रो, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाल्या. नवरात्रात अक्का आल्या त्या या दोहोंतून. खंडेनवमीला, म्हणजे येथल्या आयुधपूजेला, सारी औद्योगिक वसाहत झेंडूने पिवळी झालेली असते. कोल्हापुरास दसऱ्याच्या स्वारीत छत्रपतींची जुनी मायबाख मोटार निघते, ती अनेकांनी पाहिली असेल. आमची स्वारी शेडच्या दारापासून फाटकापर्यंत. मिस्त्री नवा सदरा घालून आले होते. कामगारांनी प्रथेप्रमाणे कोहळा फोडावयास आणला, तेव्हा रंगावर शिंतोडे उडतील म्हणून स्नेह्यांनी त्यांना वीस पावले लांब पिटाळले.

अक्कांनी बॉनेटला कुंकू लावले नाही, चाकाला लावले. मग स्नेह्यांनी डावे दार उघडले व त्या आईच्या जागी बसल्या. गाडी फाटकापर्यंत गेली आणि परत आली. उतरण्यापूर्वी त्या जरा वाकल्या, चौकोन त्यांना दिसला. चष्मा सारखा करून त्यांनी त्यावरून बोट फिरविले. काळ्यावरून, हिरव्यावरून, आणि लालावर येऊन थांबल्या. केस बोटाला लागला असावा.

“हा तुझा हात,” भावाकडे पाहून त्या म्हणाल्या. “असू दे रे. बाबांनीसुद्धा पुसला नव्हता.”